अंगातला घोडा

आमच्या सात पिढ्यांत कोणी घोडा बाळगला नाही. बैल होते, म्हैस होती, शेळ्या होत्या. आजोबांच्या काळी एक गाढवही होते म्हणतात, पण त्याचा विषय घरात कोणी फारसा काढत नाही. घोड्याशी आमचा संबंध यायचा तो फक्त लग्नात. बँडवाल्यांबरोबर घोडेवाला येतो. त्याची पांढरी घोडी नवरदेवाला मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत आणते, आणि तेवढा अर्धा तास आमच्याकडचा कास्तकार राजा होतो. माझा धाकटा भाऊ मात्र तेवढा वेळही राजा राहिला नाही. फटाक्यांची माळ लागली, घोडी दोन पायांवर उभी राहिली आणि नवरदेव बाशिंगासकट मातीत आला. तेव्हापासून घोडा दिसला की तो रस्त्याची दुसरी बाजू धरतो.

त्याच भावाच्या अंगात पुढे घोडा शिरला. माणसाच्या अंगात देव येतो, खविस येतो, हे आपण ऐकून असतो. घोडा आल्याचे आमच्या पंचक्रोशीत कोणाला माहीत नव्हते. ती हकीकत आज सांगतो. ती सांगायची म्हणजे माझी स्वतःची एक चूकही सांगावी लागते, म्हणून इतकी वर्षे टाळत आलो.

मी शाळेत मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शास्त्राची आणि माझी फारकत मॅट्रिकलाच झाली, आणि ती दोन्ही पक्षांच्या संमतीने. माझ्या पहिल्या कादंबरीत सर्पदंशाचे एक प्रकरण आहे. नायकाला शेतात साप डसतो. त्याला मारुतीच्या पारावर आणतात. म्हातारा भगत कडुलिंबाच्या डहाळीने रात्रभर विष उतरवतो, आणि पहाटे कोंबडा आरवताना नायक डोळे उघडतो. हे प्रकरण वाचकांना फार आवडले. चार-पाच पत्रे आली. एका गृहस्थांनी तर भगताचा पत्ता विचारला होता. आईला वाचता येत नाही. मी तिला ते प्रकरण वाचून दाखवले तेव्हा तिने डोळ्यांना पदर लावला.

तिने पदर का लावला हे मला ठाऊक होते. मी चौथीत होतो तेव्हा माझ्या काकाला साप डसला होता. त्याला असेच पारावर नेले होते. डहाळी होती, भगत होता, सगळा गाव होता. कोंबडा आरवला तेव्हा काकाच्या अंगावर धोतर पांघरलेले होते. गेलेल्या माणसाला मी कागदावर उठवून बसवले, त्यात कोणाचे काय बिघडले, असे मला वाटे. उलट थोडा अभिमानच वाटे.

२०२१ साली दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. हरभऱ्याला पाणी द्यायचे होते आणि विहिरीवरच्या मोटारीला वीज मिळायची ती रात्रीची. रात्री दहाच्या सुमारास भाऊ वाफ्याचे तोंड फोडायला वाकला आणि कुकरची शिट्टी फुसफुसावी तसा आवाज झाला. बॅटरीच्या उजेडात त्याला जाड अंग आणि पाठीवरची साखळीसारखी नक्षी दिसली. घोणस. घोट्याच्या वर दोन ठिपके उमटले होते. तो चालत घरी आला. चालू नये, हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही. मी गमछा फाडून पोटरीला करकचून आवळला. तेही करू नये, हे मला नंतर कळले.

मी म्हणालो, "बुलढाण्याला नेऊ."

आई दारात आडवी झाली. "आधी पारावर न्या. भगताले निरोप धाडा."

"आई, काकाचं काय झालं होतं?"

"त्याले उशीर झाला होता. अन् तूच तं लिवलं हाय पुस्तकात. वाचून दाखवलं तू मले. आता काहून नाई म्हनतं?"

वर्गातल्या कोणत्याही प्रश्नाला मी सहसा निरुत्तर होत नाही. त्या रात्री झालो. लिहिले ते खोटे होते, असे आईला सांगायला जीभ रेटेना. आणि कोणी सांगावे, भगताच्या हातून खरेच उतरत असेल, असाही एक चोर विचार मनात येऊन गेला. स्वतःचेच लिखाण माणसाला किती गुंगवते पाहा. या बोलाचालीत अर्धा तास गेला. शेवटी भावाची बायको फोन ठेवून पुढे आली. एरवी माझ्यासमोर ती मोठ्याने बोलत नाही. म्हणाली, "दादा, पुस्तकातलं पुस्तकात राहू द्या. गाडी आली हाय."

वाटेत एका ठिकाणी चौकशी केली. तिथली सर्पदंशाची लस संपलेली होती. पुढे राजूरचा घाट. एरवी त्या घाटात मी खिडकीशी बसून झाडी पाहतो. त्या रात्री मी भावाचे तोंड पाहत होतो. एका वळणावर तो थुंकला आणि गाडीच्या दिव्यात थुंकी लाल दिसली. हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते. घोणशीचे विष रक्ताची गोठण्याची शक्तीच खाऊन टाकते.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई माझ्या जुन्या विद्यार्थिनी शोभतील इतक्या लहान होत्या. त्यांनी गमछा जपून सोडवला. मग भावाचे थोडे रक्त एका कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतले, नळी स्टँडवर उभी केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "वीस मिनिटं हिला कोणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. एवढीच तपासणी. वीस मिनिटांनी नळी तिरपी करायची; आत गोठा झाला असेल तर ठीक, रक्त पाण्यासारखे ओघळले तर विष अंगात भिनले आहे. मी आयुष्यात पुष्कळ परीक्षांवर देखरेख केली. इतकी लांब वीस मिनिटे कोणत्याही परीक्षेत पाहिली नाहीत. नळी तिरपी झाली आणि रक्त काठाशी धावत आले.

मग दहा बाटल्या आल्या. प्रत्येकीत पांढरी भुकटी. पाणी घातले की दहा मिलिलिटर औषध. हे कोरडे असल्यामुळे खेड्यापाड्यांत बर्फाच्या पेटीवाचूनही टिकते. मास्तरकीची सवय, मी लेबल वाचले. एक मिलिलिटर औषध नागाचे ०.६ मिलिग्रॅम, मण्यारीचे ०.४५, घोणशीचे ०.६ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष मारते. आपल्याकडचे जे चार मोठे विषारी साप, त्या चौघांवर मिळून हे एकच औषध. दहा बाटल्या म्हणजे घोणशीचे साठ मिलिग्रॅम. मूल असो की मोठा माणूस, मात्रा तीच. कारण साप वय विचारून डसत नाही. आणि त्याखाली लिहिले होते, हे औषध घोड्याच्या रक्तापासून केलेले आहे.

मी ते मोठ्याने वाचले असावे. भावाने अर्धवट डोळे उघडले. "घोड्याचं हाय? मंग पाडते ते मले."

आणि त्याने पाडलेच. अर्ध्या तासाच्या आत त्याला हुडहुडी भरली, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरू लागला. डॉक्टरबाई जणू त्याचीच वाट पाहत होत्या. सलाइन थांबवून त्यांनी तयार ठेवलेली ॲड्रिनलिनची सुई मांडीत टोचली. पंधरा मिनिटांनी घोडा शांत झाला आणि सलाइन पुन्हा सुरू झाले. सहा तासांनी नळीत पुन्हा रक्त घेतले. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली. रक्त हलले नाही. मी नळीकडे पाहतच राहिलो. गोठलेल्या रक्ताइतकी सुंदर वस्तू मी तोवर पाहिली नव्हती.

पहाटे बाकावर बसलो असता मी डॉक्टरबाईंना भगतांविषयी विचारले. त्या हसल्या नाहीत. "सर, पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप डसला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. ती माणसं पारावर नेली तरी वाचतात, घरी झोपवली तरी वाचतात. यश भगताला मिळतं. विष भिनलेला माणूस पारावर गेला, तर मात्र..." पुढचे त्यांनी सांगितले नाही. मला सांगायची गरजही नव्हती.

हे औषध घोड्यात कसे तयार होते, ते मी नंतर पुस्तके मिळवून वाचले. १८९० साली बेहरिंग आणि किटासातो यांनी बर्लिनमध्ये दाखवले, की विषाचे छोटे छोटे डोस पचवलेल्या प्राण्याच्या रक्तात त्या विषाचा उतारा तयार होतो, आणि तो दुसऱ्या प्राण्याला देता येतो. घटसर्पाने गुदमरणारी मुले पुढे घोड्यांच्या रक्तरसाने वाचू लागली. अल्बेर कॅल्मेट नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हीच युक्ती नागाच्या विषावर १८९५ च्या सुमारास लढवली. पण नागाचा उतारा घोणशीला चालत नाही. हे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉर्ज लँब यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवून दिले. म्हणून आपल्या औषधात चौघांचेही विष लागते.

परळची ती प्रयोगशाळा म्हणजेच आजची हाफकिन संस्था. प्लेगच्या लसीसाठी १८९९ साली ती जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि १९२५ पासून हाफकिनचे नाव लावू लागली. तिच्या कामाचे घोडे पुढे पुण्याजवळ पिंपरीला राहू लागले. पुण्याच्या पूनावाला घराण्याचा शर्यतीचे घोडे पैदा करण्याचा धंदा होता. म्हातारे झालेले घोडे ते हाफकिनला देत. आपलेच घोडे आहेत, तर औषधही आपणच का करू नये, असा विचार करून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट काढली. म्हणजे ज्या घोड्यावर मुंबईच्या शेटजींनी पैसे लावले, तोच उतारवयात एखाद्या वऱ्हाडी कास्तकाराच्या उपयोगी पडत होता. विष पुष्कळसे येते ते तमिळनाडूतून. तिथल्या इरुळा जमातीच्या साप पकडणाऱ्यांनी १९७८ साली सहकारी संस्था काढली; ते साप धरतात, विष काढून घेतात आणि सापाला पुन्हा रानात सोडतात. घोड्याला या विषाची आधी अगदी थोडी, मग वाढती मात्रा काही महिने टोचतात. त्याचे रक्त काढले, की वरचा रक्तद्रव घेतात आणि तांबड्या पेशी परत त्याच्याच अंगात घालतात. तमिळनाडूचा इरुळा, पुण्याचा घोडा आणि बुलढाण्याच्या डॉक्टरबाई, तिघांची ओळख नाही. पण त्या रात्री तिघांनी मिळून माझ्या भावाला धरून ठेवले.

चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो. नवव्या दिवशी भावाला ताप चढला. गुडघे आणि मनगटे सुजली, अंगावर पुन्हा गांधी आल्या. आई म्हणाली, "विष पुन्यांदा चढलं. म्या म्हनलं नव्हतं?" या वेळी मी एक मिनिटही घालवले नाही, पुन्हा घाट चढलो. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितले, "हे विष नाही. हा घोडा आहे."

व्हिएन्नाच्या पिर्के आणि शिक या दोन डॉक्टरांनी १९०५ साली या दुखण्यावर पुस्तकच लिहिले. घोड्याच्या रक्तरसाने वाचलेली मुले आठ-दहा दिवसांनी सांधे धरून रडत, हे त्यांनी पाहिले होते. 'ॲलर्जी' हा शब्द पिर्के यांनी पुढच्याच वर्षी घडवला; आज तो आपल्या चौथीतल्या पोरालाही येतो. डॉक्टरबाईंनी मला औषधाच्या चिठ्ठीमागे एक चित्र काढून दिले. ते मी अजून जपून ठेवले आहे. रक्तातले हे जे लढवय्ये, त्यांना प्रतिपिंड म्हणतात. प्रत्येकाला दोन हात आणि एक शेपूट. आपल्या गुलेरीचा आकार. हातांनी ते विषाला पकडतात. हातांना जात नाही, देश नाही. घोड्याच्या अंगात असोत की माणसाच्या, विष दिसले की पकडलेच. शेपटीचे मात्र तसे नाही. शेपूट हे घरच्यांशी बोलण्यासाठी आहे. शरीरातल्या पेशींवर तिला ओळखणारे ग्राही असतात. किल्ली कुलुपात बसावी तशी शेपूट त्यांत बसते. कोणत्या प्राण्याची किल्ली कोणाच्या कुलुपाला लागते, याच्या शास्त्रज्ञांनी तपासण्या केल्या आहेत. त्यांतल्या एका कुलुपाची तपासणी २००१ साली प्रसिद्ध झाली. या कुलुपामुळे प्रतिपिंड रक्तात टिकून राहतात आणि आईकडून गर्भाला मिळतात. माणसाचे हे कुलूप फार निवडक निघाले. माणसाची किल्ली लागते, सशाची आणि गिनीपिगची लागते. गाईची, मेंढीची लागत नाही, आणि उंदराची जवळजवळ नाहीच. उंदराच्या कुलपाला मात्र या सगळ्यांच्या किल्ल्या लागतात. आदरातिथ्यात उंदराने माणसावर मात केली, असे म्हणायला हरकत नाही.

परकी शेपूट घरात धुमाकूळ घालते, म्हणून औषध करतानाच ती पेप्सिन नावाच्या पाचक रसाने कापून टाकतात आणि नुसते हात बाटलीत भरतात. तरी ते हात घोड्याचेच. आठ दिवस आपले शरीर त्यांना पाहते, ओळखते आणि मग त्यांच्यावर स्वतःचे लढवय्ये सोडते. त्या झटापटीचा केर सांध्यांत साठतो, तेच हे दुखणे. पाच-सात दिवसांच्या गोळ्यांनी भाऊ बरा झाला. जाताना डॉक्टरबाईंनी बजावले, "पुन्हा कधी साप डसला, तर घोड्याच्या भीतीनं औषध टाळू नका. घोडा आम्ही आवरू. विष आवरायला घोडाच लागतो."

घरी आईला हे सगळे समजावताना मला वाटले होते, की तिच्या डोक्यावरून जाईल. ती म्हणाली, "म्हंजे चिकावानी." मला कळेना. मग तिने समजावले. म्हैस व्याली की पहिला चीक आधी वासराला पाजायचा, उरला तर घरात खरवस; वासराला तो पहिल्या दिवशीच मिळाला पाहिजे, मागून पाजला तर वासरू हगवणीने जाते. "तो चीक वासराले लागते, आपल्याले फकस्त गोड लागते." मी पुस्तक उघडून पाहिले. अक्षरशः तसेच! गाई-म्हशींच्या आणि घोड्यांच्या पिल्लांना पोटात असताना आईचे प्रतिपिंड मिळत नाहीत. ते चिकातून, आणि तेही पहिल्या दिवसातच आतड्यातून रक्तात उतरतात. मग दार बंद होते. आपण खाल्ला तर तो नुसता पोटात पचतो. माझ्या आईला हे साठ वर्षे ठाऊक होते, आणि तिला अडाणी समजून मी फळ्यावर समजवावे तसे समजावत होतो. मग हीच आई त्या रात्री दारात आडवी का झाली? मी पुष्कळ विचार केला. गोठ्यातले तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. पारावरचे मी तिला वाचून दाखवले होते.

त्या हिवाळ्यात मी कादंबरीचे ते प्रकरण पुन्हा लिहिले. भगत ठेवला, डहाळी ठेवली, कारण ती होती. कोंबडाही ठेवला. फक्त तो आरवतो तेव्हा नायक डोळे उघडत नाही. दुसरी आवृत्ती निघेल न निघेल, पण एका रात्री मी ते आईला वाचून दाखवले. या वेळी तिने पदर लावला नाही. बराच वेळ कंदिलाकडे पाहावे तशी विजेच्या दिव्याकडे पाहत बसली आणि म्हणाली, "आता माहा देर आला पुस्तकात. आधीचा कोनी दुसराच होता."

आपल्या देशात सापाच्या विषाने दर वर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे दगावतात, असा हिशोब २०२० साली एका अभ्यासात मांडला गेला. त्यांत बहुतेक खेड्यांतली. त्यांतली कितीतरी माणसे कोणत्या ना कोणत्या पारावर, कोणाच्या ना कोणाच्या गोष्टीवर विश्वास ठेवून वाट पाहत बसली असतील. माझी कादंबरी फार खपली नाही, याचे मला आयुष्यात पहिल्यांदा बरे वाटले.

माघात आमचा हरभरा घाट्यांवर आला. त्याच वाफ्यातला, ज्याचे तोंड फोडताना घोणस डसली. गावात लग्न होते. बँड वाजत होता, आणि पाराजवळ घोडेवाला घोडी धरून उभा होता. भाऊ शेतातून थेट तिकडे गेला. हातात ओल्या हरभऱ्याची पेंढी होती. घोडीपासून दोन हातांवर तो थांबला, इकडे तिकडे पाहिले, मग आणखी एक पाऊल पुढे टाकून हात लांब केला. घोडीने पेंढी ओढून घेतली. भाऊ दचकून मागे सरला, आणि हसला.

घोडेवाला म्हणाला, "काय बाप्पा, वळख हाय वाटते घोडीची?"

"हिची नाई," भाऊ म्हणाला. "हिच्या सोयऱ्याची."